मुलगा १४ वर्षांचा ट्रिपल-ए डिफेन्समन : ओएचएल, अमेरिकन कॉलेज की पश्चिमेची अकॅडमी?

प्रश्न थोडक्यात असा. खेळ आइस हॉकी. कुटुंब टोरांटोजवळच्या मिसिसॉगात राहतं. मुलाचा जन्म नोव्हेंबर २०११चा. २०२५-२६च्या हंगामात तो यू१५ (१५ वर्षांखालील) ट्रिपल-ए, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाच्या, संघात डिफेन्समन (बचावाचा खेळाडू) आहे, उंची १६५ सेंमी, स्केटिंग चांगलं, अंगानं किरकोळ. प्रशिक्षक म्हणतात ब्रिटिश कोलंबियातल्या हॉकी अकॅडमीत टाका. संघातले पालक म्हणतात ओएचएल या ओंटारियोच्या ज्युनिअर लीगच्या ड्राफ्टसाठी (संघ पाळीपाळीनं मुलं निवडतात त्यासाठी) इथेच राहा. आणि एका सल्लागारानं बजावलंय की ओएचएलच्या कागदावर सही केलीत तर अमेरिकन कॉलेजचं दार कायमचं बंद. तर काय करावं? आणि उशिरा उमलणाऱ्या मुलांचं पुढे काय होतं?

सल्लागाराचं म्हणणं आधी निकालात काढू, कारण ते शिळं झालंय. ओएचएल, डब्ल्यूएचएल (पश्चिम कॅनडा) आणि क्यूएमजेएचएल (क्यूबेक आणि अटलांटिक प्रांत) या तीन ज्युनिअर लीग मिळून सीएचएल होते. या लीगमध्ये एनएचएल या सर्वोच्च व्यावसायिक लीगशी करार झालेली मुलंही खेळतात आणि खेळाडूंना महिन्याचा हातखर्च मिळतो, म्हणून अमेरिकन कॉलेजांच्या खेळांची संघटना एनसीएए त्यांना व्यावसायिक मानत असे. हंगामाआधीचे एक-दोन सराव सामने खेळलेल्या मुलाचीही कॉलेजची पात्रता जात होती. यावर ऑगस्ट २०२४मध्ये अमेरिकेत खटला दाखल झाला, ७ नोव्हेंबर २०२४ला एनसीएएच्या डिव्हिजन वन या वरच्या श्रेणीनं नियम बदलला आणि १ ऑगस्ट २०२५पासून सीएचएलचा खेळाडू कॉलेजात खेळू शकतो. अट एवढीच, की त्यानं राहण्या-खाण्याच्या, प्रवासाच्या, साहित्याच्या खऱ्या खर्चापलीकडे पैसे घेतलेले नसावेत. एनएचएलच्या करारावर सही झाली की मात्र कॉलेज आजही संपतं. बदल किती खोल आहे ते गॅव्हिन मॅकेनावरून दिसतं. युकॉनमधल्या व्हाइटहॉर्सचा हा मुलगा डब्ल्यूएचएलच्या मेडिसिन हॅट टायगर्सकडून २०२४-२५मध्ये ५६ सामन्यांत १२९ गुण (स्वतःचे गोल आणि गोलला मदत मिळून) करून जुलै २०२५मध्ये पेन स्टेट विद्यापीठाकडे गेला. वर्षभर आधी हे अशक्य होतं.

म्हणजे पूर्वी पंधराव्या-सोळाव्या वर्षी रस्त्याला फाटा फुटत असे आणि एकदा वळलं की परत फिरणं नसे. आता रस्ता एकच आहे, प्रश्न कुठल्या थांब्यावर कधी उतरायचं आणि किती दिवस राहायचं एवढाच. जुन्या मापानं विचार करणारे पालक अजून ‘सीएचएल की कॉलेज’ यावर वर्ष वर्ष घालवतात. खरा प्रश्न असा विचारावा : पुढच्या प्रत्येक हंगामात हा मुलगा बर्फावर किती मिनिटं असेल आणि कुणासमोर?

तुमच्या मुलाचं वेळापत्रक आधी कागदावर मांडा, निम्मा गोंधळ तिथेच मिटेल. देशातल्या हॉकीची संघटना हॉकी कॅनडा हिची वयोगटवारी जन्मवर्षावर चालते, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर. नोव्हेंबरचा मुलगा जानेवारीच्या मुलापेक्षा दहा महिन्यांनी लहान, पण तोलला जातो त्याच तराजूत. चौदाव्या वर्षी दहा महिन्यांत मुलाचा सगळा सांगाडा बदलतो. निवडक संघांत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी असते, हे कॅनडात १९८०च्या दशकापासून नोंदलं गेलेलं आहे. मुलाची पावलं मागे पडलेली दिसतात त्यातला काही भाग निव्वळ पंचांगाचा आहे.

२०२६-२७ला तो यू१६ ट्रिपल-ए खेळेल. ओंटारियोत ड्राफ्टचं वर्ष हेच. २०२७च्या ओएचएल प्रायॉरिटी सिलेक्शनमध्ये, म्हणजे ओएचएलच्या ड्राफ्टमध्ये, २०११ची मुलं असतील. (पश्चिमेकडे डब्ल्यूएचएलचा ड्राफ्ट एक वर्ष अलीकडे होतो, त्यांची २०११ची मुलं २०२६मध्येच निवडली जातात, क्यूबेक आणि अटलांटिक प्रांतांची क्यूएमजेएचएल ओंटारियोसारखीच.) २०२७-२८ हा ओएचएलमध्ये खेळण्याचा पहिला संभाव्य हंगाम. शाळेकडून पाहिलं तर सप्टेंबर २०२५ला नववी. एनसीएएचे प्रशिक्षक दहावीच्या वर्षातल्या १ जानेवारीपासून, म्हणजे १ जानेवारी २०२७पासून, मुलाशी थेट बोलू शकतात. तोंडी देकार आणि कॉलेजच्या खर्चानं भेट यांना त्यानंतरच्या १ ऑगस्टपासून परवानगी. त्याआधी प्रशिक्षकानं ई-मेलला उत्तर दिलं नाही तर मुलगा आवडला नाही असं समजू नका, त्याला नियमानं देताच येत नाही.

आणि आता नोव्हेंबरचा फायदा. एनएचएल ड्राफ्टसाठी त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत १८ पूर्ण व्हावी लागतात. ऑगस्ट २०११चा मुलगा २०२९ला पात्र होतो. तुमचा मुलगा २०२९च्या नोव्हेंबरात १८चा होईल, म्हणून थेट २०३०ला. वयोगटात जो तोटा आहे तोच इथे एक जास्तीचा ज्युनिअर हंगाम होऊन परत मिळतो. मॅकेना डिसेंबर २००७चा, म्हणूनच तो २०२६च्या ड्राफ्टमध्ये मोडतो. ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म १७ सप्टेंबर १९९७चा. दोन दिवसांनी २०१५चा ड्राफ्ट हुकला आणि २०१६ला तो पहिला निवडला गेला. अंगानं उशिरा भरणाऱ्या मुलाला हे एक वर्ष फार मोलाचं असतं, तेव्हा घाई करून ते वाया घालवू नका.

आता ड्राफ्टचा हिशेब. ओएचएलमध्ये २० संघ, १५ फेऱ्या, म्हणजे सुमारे ३०० नावं. एका संघात साधारण २४ खेळाडू धरले तर लीगमध्ये जागा ४८०. वीस वर्षांचे प्रत्येक संघात तीनच चालतात, ते ६० वजा करा. उरलेल्या ४२०मध्ये १६ ते १९ अशी चार जन्मवर्षं आणि परदेशी खेळाडू. म्हणजे एका जन्मवर्षाच्या वाट्याला धड शंभरही जागा येत नाहीत, आणि सोळाव्या वर्षी तर त्याहून किती तरी कमी, कारण मोठी मुलं जागा अडवून असतात. निवडलेल्या तीनशेंपैकी बहुतेकांना पहिल्या शिबिरानंतर घरी पाठवतात. दहाव्या फेरीत नाव आलं म्हणून पेढे वाटा, पण मुलगा आता ओएचएलमध्ये खेळणार असं नातेवाइकांना कळवू नका. त्याचा अर्थ एवढाच, की एका संघानं त्याच्यावर लक्ष ठेवण्याचा हक्क राखला. उलट नाव आलं नाही म्हणून काही संपत नाही. नंतरच्या वर्षांत शिबिराची आमंत्रणं येतात, आणि पहिल्या वेळी राहून गेलेल्या मोठ्या मुलांसाठी ओएचएल वेगळी यू१८ निवडही घेते.

पंधराव्या वर्षी सीएचएलच्या लीगमध्ये जायची सवलत, म्हणजे अपवादात्मक दर्जा, हा विषय डोक्यातून काढून टाका. २००५मध्ये जॉन टॅव्हारेसपासून हा प्रकार सुरू झाला आणि तेव्हापासून मॅकडेव्हिड, एकब्लॅड, बेडार्ड अशी हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच नावं त्यात आहेत.

बर्फावरच्या मिनिटांकडे येऊ, कारण निर्णय इथेच व्हायला हवा. सामना ६० मिनिटांचा, एका वेळी दोन डिफेन्समन, म्हणजे वाटायला १२० मिनिटं. सहा जण खेळले तर सरासरी वीस. पण ती सारखी वाटली जात नाहीत. पहिली जोडी २५च्या आसपास घेते, सहाव्या-सातव्या क्रमांकाचा सोळा वर्षांचा मुलगा आठ-दहा मिनिटांवर राहतो, आणि आघाडी टिकवायची असली की शेवटच्या दहा मिनिटांत बाकावर. समजा ओएचएलच्या ६८ सामन्यांपैकी त्याला ४० मिळाले, तर वर्षाला ४०० मिनिटं. तोच मुलगा ओजेएचएलसारख्या ज्युनिअर ए, म्हणजे ओएचएलच्या खालच्या पायरीच्या, लीगमध्ये पहिल्या चारांत असेल, १८ मिनिटं आणि ५० सामने खेळेल, तर ९०० मिनिटं, त्यात पॉवर प्ले आणि पेनल्टी किलही (विरोधकाचा किंवा आपला खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर असतानाचा खेळ). अर्थात मिनिटं सगळीकडे एकाच मोलाची नसतात. ओएचएलमधली दहा मिनिटं १९ वर्षांच्या फॉरवर्डसमोरची असतात, तिथे चूक लगेच गोलात दिसते. पण जो मुलगा अजून शरीरानं भरलेला नाही तो त्या दहा मिनिटांत फक्त जीव वाचवायला शिकतो : पक (रबरी चकती) कडेच्या काचेवर आपटून बाहेर काढायचा आणि बदलीला धावायचं. दोन हंगाम हेच केलं की पक हातात ठेवून खेळण्याची, वाट काढण्याची सवय मोडते, आणि लहान चणीच्या डिफेन्समनची एनएचएलमधली किंमत नेमकी त्याच सवयीत असते.

म्हणून ओएचएल संघाचा व्यवस्थापक घरी आला तर त्याला जर्सीचा इतिहास विचारू नका. विचारा, की गेल्या तीन हंगामांत तुमच्याकडे सोळा वर्षांचे किती डिफेन्समन होते, प्रत्येकाला किती सामने मिळाले, पुढच्या वर्षी तुमचे कोणते डिफेन्समन वीसचे होऊन बाहेर पडतायत, आणि उजव्या हाताचे किती आहेत. उजव्या हाताचे डिफेन्समन सगळीकडेच कमी असतात. मुलगा उजव्या हाताचा असेल तर तुमचं पारडं जड आहे. हंगामाच्या मध्यात खेळाडूंची अदलाबदल होते, अकरावीतल्या मुलाला जानेवारीत दुसऱ्या गावी, दुसऱ्या शाळेत जावं लागू शकतं. ते होईल का आणि तेव्हा अभ्यासाची काय व्यवस्था, हेही सही करण्याआधीच विचारायचं.

माझ्या मते या मुलासाठी सोपा क्रम असा : २०२६-२७ यू१६ ट्रिपल-ए ओंटारियोतच, २०२७-२८ ओएचएलमध्ये पहिल्या सहांत जागा खरोखर दिसत असेल तरच तिकडे, नाहीतर यू१८ ट्रिपल-ए किंवा ज्युनिअर ए, १७ किंवा १८व्या वर्षी ओएचएल, आणि एनएचएलचा करार समोर नसेल तर १९-२०व्या वर्षी कॉलेज. नवा नियम आल्यापासून कॉलेजांना सीएचएलमधली तयार, १९-२० वर्षांची मुलं मिळू लागली आहेत. त्याचा दणका ज्युनिअर एमधून थेट कॉलेजात जाणाऱ्यांना बसतो. डिव्हिजन वनमध्ये पुरुषांचे संघ साठच्या थोडे वर, जागा त्याच, रांग लांब. म्हणून अठराव्या वर्षी बारावी होताच कॉलेजात जाणं हे आता मोजक्यांनाच जमतं. मॅक्लिन सेलेब्रिनी शिकागो स्टील या अमेरिकन ज्युनिअर संघाकडून खेळून लगेच बोस्टन युनिव्हर्सिटीत गेला आणि २०२४ला ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला, पण त्याचं उदाहरण घेऊन बेत आखणं म्हणजे लॉटरीच्या भरवशावर घराचा हप्ता ठरवणं.

कॉलेजात सामने कमी, साधारण शुक्रवार-शनिवारी, आणि उरलेला आठवडा सराव व जिममध्ये. सीएचएलमध्ये सामने जवळजवळ दुप्पट आणि बसचा प्रवास वेगळाच. डब्ल्यूएचएलमध्ये तर प्रांतच्या प्रांत ओलांडावे लागतात. वजन वाढवायचं असलेल्या मुलाला कॉलेजचा आठवडा मानवतो. ज्याला सामन्याचा वेग आणि सराव हवाय त्याला ज्युनिअरचा. आणखी एक गणित ड्राफ्टनंतरचं : सीएचएलमधून निवडलेला १८-१९ वर्षांचा खेळाडू एनएचएलमध्ये टिकला नाही तर त्याला एएचएलमध्ये, म्हणजे एनएचएलच्या खालच्या व्यावसायिक लीगमध्ये, ठेवता येत नाही, ज्युनिअरलाच परत पाठवावं लागतं. २०२६-२७पासून प्रत्येक एनएचएल संघाला असा एकच १९ वर्षांचा खेळाडू एएचएलमध्ये घेता येईल. कॉलेजच्या खेळाडूला हे बंधन नाही.

अकॅडमीबद्दल माझं उत्तर : या वर्षी नको. सीएसएसएचएल ही शाळांशी जोडलेल्या अकॅडमींची लीग २००९पासून आहे आणि तिचा दर्जा चांगला आहे. रोज शाळेच्या वेळातच बर्फ, जिम, संध्याकाळी सातच्या आत घरी; टोरांटोच्या परिसरातला रात्री साडेनऊचा सराव आणि ४०१ हायवेवरची रखडपट्टी यापेक्षा हे नक्कीच माणसाळलेलं आहे. पण वसतिगृहासह खर्च अनेक ठिकाणी वर्षाला ४० हजार डॉलरच्या पुढे जातो. शिवाय ड्राफ्टच्या वर्षात ओएचएलचे स्काउट (खेळाडू हेरणारे) ओंटारियोतल्या रिंकवर आणि ओएचएल कप या स्पर्धेला बसलेले असतात, तुम्ही मुलाला त्यांच्या नजरेआड चार हजार किलोमीटर लांब नेणार. कुठल्या लीगच्या ड्राफ्टमध्ये नाव धरलं जाईल हेही सहसा पालकांच्या राहत्या पत्त्यावर ठरतं, तेव्हा मुलगा एकटा तिकडे गेला म्हणून तो डब्ल्यूएचएलचा होत नाही. हे दोन्ही लीगना लेखी विचारल्याशिवाय अनामत भरू नका. जवळपास राहून शाळा आणि हॉकी जुळवायची असेल तर ओंटारियोतच सकाळी बर्फ देणारे शालेय कार्यक्रम आहेत. तेवढ्या पैशांत आठवड्याला एक स्केटिंगचा धडा, एक जिम-प्रशिक्षक आणि वर्षाला दोन जोड स्केट्स होतात, आणि बरेच पैसे उरतात.

ब्रिटिश कोलंबियाचा विषय निघालाच आहे तर : तिथली ज्युनिअर लीग बीसीएचएल २०२३मध्ये हॉकी कॅनडाच्या छत्राबाहेर पडली, जानेवारी २०२४मध्ये अल्बर्टाचे पाच संघ तिला मिळाले. लीग चांगली आहे, कॉलेजचे प्रशिक्षक ती पाहतात. पण ३० सप्टेंबरनंतर तिथे खेळलेला मुलगा त्याच हंगामात हॉकी कॅनडाच्या संघात परतू शकत नाही. डिसेंबरात बाकावर बसवलं तर उरलेला हिवाळा घरी. सोळा वर्षांच्या मुलासाठी ही जोखीम मोठी आहे, एकोणीसच्यासाठी तेवढी नाही.

आता अंगाचं. १६५ सेंमी ही आजची उंची आहे, अखेरची नव्हे. मुलांची उंची सगळ्यात वेगानं वाढते ते वय सरासरी साडेतेराच्या ते चौदाच्या आसपास, पण त्यात पुढेमागे दीड-दोन वर्षं सहज होतात. दर तीन महिन्यांनी, सकाळी, भिंतीला टेकून उंची मोजा आणि तारीख घालून लिहून ठेवा. बसलेली उंचीही मोजा. पाय आधी वाढतात, धड नंतर. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटरहून जास्त वाढ दिसली की समजा वेगाचा काळ आला. या काळात चांगलं स्केटिंग करणारा मुलगाही अचानक अडखळतो, मागे वळताना तोल जातो, आणि प्रशिक्षक त्याला आळशी म्हणतो. तेव्हा उड्या आणि जड वजनं कमी करा, गुडघ्याखाली किंवा टाचेत दुखत असेल तर ‘खेळता खेळता जाईल’ म्हणू नका. हाडाच्या वाढत्या टोकावर ताण पडून होणारं ते दुखणं आहे, भार कमी केला तरच ते शमतं. खुब्याच्या पुढच्या बाजूला चिमटा बसल्यासारखं दुखणं हॉकीत नेहमीचं आहे, पण दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

आणि बारा महिने बर्फावर ठेवू नका. मार्च-एप्रिलमध्ये हंगाम संपला की लगेच स्प्रिंग हॉकीच्या जाहिराती येतात, त्यात ‘स्काउट येणार’ हे ठळक अक्षरांत असतं. निदान सहा आठवडे स्केट्स कपाटात. लॅक्रोस, फुटबॉल, बास्केटबॉल, ब्रॅम्प्टन-मिसिसॉगात तर क्रिकेटही आहे. हात, डोळे आणि बाजूला पळण्याची सवय यातून येते. मग मे अखेरपासून आठवड्यात तीनदा व्यायाम : एका पायावरचे स्क्वॉट, कमरेतून वाकून उचलणं, पुलअप, १० ते २० मीटरच्या पूर्ण विश्रांतीच्या धावा. वजन वाढवण्याआधी ढब सुधारा. मुलगा शाकाहारी असेल तर प्रथिनांचा हिशेब खरंच करा. वरण-भात आणि वाटीभर दह्यावर ट्रिपल-एचा आठवडा निघत नाही. पनीर, सोया, कडधान्यं, दूध, खात असेल तर अंडी, हे दिवसातून चार वेळा विभागून. पुढे तो ओएचएलच्या गावी बिलेट कुटुंबात, म्हणजे संघानं ठरवून दिलेल्या यजमानांकडे राहायला गेला, तर हे पहिल्याच दिवशी त्यांना सांगून ठेवावं लागेल, संकोच केलात तर मुलगा वर्षभर पिझ्झा खाईल. झोप आठ ते दहा तास. हॉकीतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित सराव तोच.

खेळातलं नेमकं काय सुधारायचं ते या वयाच्या डिफेन्समनसाठी सहज मोजता येतं. दहा सामन्यांचं चित्रण घ्या. आपल्या गोलामागच्या कोपऱ्यात पक आणायला मुलगा किती वेळा गेला ते मोजा. प्रत्येक वेळी तीन गोष्टी टिपा : पकपर्यंत पोचण्याआधी त्यानं खांद्यावरून मागे पाहिलं का, किती वेळा, पुढचा पास आपल्या खेळाडूच्या स्टिकवर गेला, काचेवरून सुटला की विरोधकाला मिळाला, आणि आपल्या भागाच्या निळ्या सीमारेषेबाहेर पक आपल्या ताब्यात गेला का. दोनदा मागे बघणाऱ्या आणि न बघणाऱ्या मुलांचे आकडे वेगळे दिसतात, स्काउट याच गोष्टीवर वहीत खूण करतात. दुसरं म्हणजे अंतर. समोरून येणाऱ्या फॉरवर्डपासून आपल्या निळ्या रेषेवर स्टिकच्या लांबीइतकंच अंतर राहायला हवं. लहान मुलं मार बसेल म्हणून मागे मागे सरकतात आणि दोन स्टिकांचं अंतर देतात. मग फॉरवर्ड आरामात शॉट मारतो. याचं मूळ धीरात नसून उलट्या स्केटिंगच्या पहिल्या तीन ढकलींत असतं. तिसरं, दोन्ही बाजूंनी वळणं. बहुतेकांना एकीकडूनच वळता येतं, आणि विरोधकांना ते दुसऱ्याच सामन्यात कळतं.

अंगावर आदळून अडवणं यू१५पासूनच्या स्पर्धात्मक पातळीवर असतं. यू१३मधून ते २०१३मध्ये काढलं गेलं. म्हणजे या मुलांना ते शिकायला दोनच वर्षं मिळतात. लहान चणीच्या मुलानं आधी शिकायचं ते मार घेणं. फळीपासून मीटरभर अंतरावर उभं राहून पाठ मैदानाकडे करणं हा सगळ्यात धोक्याचा क्षण. एक तर फळीला खेटून जा, नाहीतर दूर राहा, मधे थांबू नका. पक घेताना कडेनं, तिरकं जा, सरळ नाही.

साहित्यात पालक नको तिथे पैसे घालतात. वरच्या श्रेणीची स्टिक ३०० डॉलरच्या वर जाते. पण तिची लवचीकता मुलाच्या वजनाच्या साधारण निम्मी हवी, वजन पौंडांत धरून. ११५ पौंडांच्या मुलाला ५५-६० लवचीकतेची इंटरमीजिएट (मधल्या मापाची) पुरते. वडिलांच्या हौसेनं ८५ची दिली की ती वाकतच नाही आणि शॉट मेलेला. स्केट्स मात्र मापाच्याच. ‘वाढत्या अंगाचे’ म्हणून दीड अंक मोठे घेतले तर घोटा आत फिरतो आणि वर्षभराची मेहनत वाया. पात्याची धार अर्ध्या इंचाच्या पोकळीपासून सुरू करा, वजन वाढलं की पाच अष्टमांश करून पाहा. आकडा लहान तशी पोकळी खोल, आणि पोकळी जितकी खोल तितकी पकड जास्त आणि घसर कमी.

शाळा. यातच सगळ्यात गुपचूप नुकसान होतं, आणि ते बारावीत कळतं. एनसीएएसाठी नववी ते बारावीत १६ मान्य मुख्य विषय आणि त्यात ४पैकी किमान २.३ सरासरी लागते. नववीचे गुणही धरले जातात, म्हणजे तुमच्या मुलाची मोजणी सुरू झालेली आहे. ओंटारियोत दहावीत ‘हॉकीचा ताण आहे, सोपं घेऊ’ म्हणत ‘अप्लाइड’ पातळीचे विषय घेतले, तर तिथेच गाडी रुळावरून उतरते. दहावीत अकॅडेमिक, अकरावी-बारावीत युनिव्हर्सिटी पातळीचे विषय. दुसरा सापळा ओएचएलच्या काळातला. बारावीनंतर मुलं स्थानिक विद्यापीठात विषय घेतात. एक-दोन विषय ठीक. पूर्ण वेळ प्रवेश घेतला, तर २०२५-२६च्या नियमांप्रमाणे एनसीएएत खेळण्याच्या पाच वर्षांच्या मुदतीचं घड्याळ तिथूनच चालू होतं. हॉकीत २१व्या वाढदिवसानंतर कॉलेजबाहेर खेळलेला काळही पात्रतेतून कापला जातो. आणि आयव्ही लीगमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही, मदत मिळते ती घरच्या उत्पन्नाकडे बघून.

ओएचएलच्या कराराबरोबर शिक्षणाचं पॅकेज येतं : खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे कॅनडातल्या विद्यापीठाचं एका वर्षाचं शुल्क आणि पुस्तकं, असा त्याचा साधारण नमुना. वरच्या फेऱ्यांतल्या मुलांना यापेक्षा जास्त मागता येतं, आणि मागावंही. दोन ओळी पेन घेऊन वाचा : ज्युनिअर संपल्यावर किती महिन्यांत शिक्षण सुरू करावं लागेल, आणि व्यावसायिक करार केला तर काय उरतं. कॅनडातल्या विद्यापीठांची हॉकी दुय्यम समजू नका. यू स्पोर्ट्समध्ये सीएचएल संपवून आलेली मुलं खच्चून भरलेली आहेत, न्यू ब्रुन्सविक विद्यापीठाचा संघ तर २०२३-२४ला ४३ पैकी ४३ सामने जिंकला. पदवी, कर्ज शून्य, आणि युरोपात दोन-चार वर्षं खेळायची संधी, हा वाईट सौदा नाही.

सल्लागार ठेवायचा तर ठेवा, पण एनसीएएची वाट मोकळी ठेवायची असेल तोवर तो सल्लागारच असावा, एजंट नव्हे. त्याची फी तुम्ही चालू दरानं द्यायची, पुढच्या कमाईतल्या टक्क्यांचा कागद नको, आणि व्यावसायिक संघाशी तुमच्या वतीनं वाटाघाटीही नकोत. पंधराव्या वर्षी जुन्या नियमांचा धाक दाखवणाऱ्याला फी द्यायची का, हे तुम्ही ठरवा.

उशिरा उमलणाऱ्यांबद्दल विचारलं होतंत. केल माकार डब्ल्यूएचएलच्या ड्राफ्टमध्ये उशिरा निवडला गेला, तिकडे गेलाच नाही; अल्बर्टात ब्रुक्स बँडिट्स या ज्युनिअर ए संघाकडून खेळला, २०१७ला एनएचएलमध्ये चौथा निवडला गेला, मग मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात दोन वर्षं. जॅरेड स्पर्जन पाच फूट नऊ इंचांचा, २००८च्या एनएचएल ड्राफ्टमध्ये १५६वा, निवडणाऱ्या संघानं करारच केला नाही; पुढे तो एनएचएलच्या मिनेसोटा संघाचा कर्णधार झाला. भारतीय वंशाच्या मुलांत ब्रिटिश कोलंबियातल्या सरेचा जुझार खैरा आधी बीसीएचएल, मग मिशिगन टेक या अमेरिकन विद्यापीठात एक वर्ष, मग उलटा डब्ल्यूएचएलमध्ये एव्हरेटकडे आला. अर्शदीप बैन्स, तोही सरेचा, एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये कधीच निवडला गेला नाही. रेड डिअर संघातल्या शेवटच्या हंगामात, २०२१-२२ला, ११२ गुण करून डब्ल्यूएचएलमध्ये पहिला आला आणि एनएचएलच्या व्हँकुव्हर संघानं करार केला. चौघांत समान काय, तर १७ ते २० या वयात चौघेही भरपूर मिनिटं खेळत होते.

शेवटी कागदपत्रं, कारण मराठी घरांत हे बरेचदा मागे पडतं. मुलगा अजून भारतीय पासपोर्टवर आणि कॅनडात कायम रहिवासी असेल, तर बफेलो किंवा डेट्रॉइटच्या एका शनिवार-रविवारच्या स्पर्धेलाही त्याला अमेरिकेचा व्हिसा लागतो, आणि भेटीची तारीख मिळायला कधीकधी हंगाम संपून जातो. अर्ज आज करा. कॅनडाचा नागरिक झाल्यावर अमेरिकन कॉलेजसाठी पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का लागत नाही, पण कॉलेजकडून आय-२० हे प्रवेशाचं प्रमाणपत्र आणि सेव्हिस या विद्यार्थी-नोंदणीचं शुल्क लागतंच. विद्यार्थी म्हणून तिथे गेलेल्या परदेशी मुलाला आपल्या नावाच्या जाहिरातींतून पैसे मिळवण्यावर व्हिसाची बंधनं आहेत, तेव्हा अमेरिकन सहकाऱ्यांना मिळतील त्या रकमा तुमच्या हिशेबात धरू नका. आणि कॅनडाच्या यू१७ किंवा यू१८ संघाच्या शिबिरांसाठी नागरिकत्व हवं. अर्ज करता येण्याइतके दिवस भरले असतील तर तो अर्ज या उन्हाळ्यात टाका, २०२७च्या उन्हाळ्यात नव्हे.